दोघींसाठी लहान घर बांधायचंय, पण त्या माळ्यावर आई चढणार कशी?

पळसगंध

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. विषय घराचा आहे. पाया दिवाळीनंतर खोदायचा आहे, पण उन्हाळा डोक्यावर आहे तोवरच काय ते तपासून घ्यावं, म्हणून आत्ता विचारते.

आम्ही हिंगणघाट तालुक्यातले. बाबा गेल्यावर वाड्याची वाटणी झाली आणि मागची पडकी बाजू आमच्या वाट्याला आली. गेल्या पावसाळ्यात तिचीही एक भिंत बसली. गावाला लागूनच आमचं चार एकर वावर आहे, विहीर आहे, पश्चिमेच्या धुऱ्यावर (बांधावर) कडुनिंबं आहेत. तिथं मी आणि आई, दोघींपुरतं घर बांधायचं ठरलंय. मोठं नकोच. झाडायला, सारवायला, सांभाळायला मीच आहे, आणि पैसेही मोजकेच आहेत.

भाच्याने इंटरनेटवरून 'टायनी हाऊस'चा एक प्लॅन काढून दिला. साडेआठ फूट रुंद, चोवीस फूट लांब. खाली बैठक, ओटा, न्हाणी. वर निजायला लाकडी माळा. बाहेरून सगळं टिन. चित्र इतकं देखणं होतं की आठवडाभर मी रात्री झोपायच्या आधी तेच पाहायची. जिन्याच्या प्रत्येक पायरीत खण, टेबल भिंतीत मिटणारं, खिडकीखाली पेटी आणि तीच बसायला. माझ्या मनात ते घर बांधूनही झालं होतं.

मग एका रविवारी मी वावरात फक्की (चुन्याची भुकटी) टाकून तो नकाशा जमिनीवर मापात आखला. भिंती आखल्या, दाराची जागा सोडली. आईची बाज नेऊन ठेवली, शेगडी मांडली, पाण्याचा ड्रम ठेवला, धान्याच्या कोठीच्या जागी एक पिंप उभं केलं. आईला म्हटलं, आता तू या रेषांच्या आत सकाळ काढ, रेष ओलांडायची नाही. आई ६८ वर्षांची, दोन्ही गुडघे दुखतात. ती बाजेवरून उठताना आधी पाय खाली सोडते, मग डावा हात शोधत भिंतीकडे जातो, मग जरा थांबून उठते. त्या उठण्याला बाजेच्या बाजूने हातभर नाही, चांगली तीन फूट जागा लागते. आणि तिथं माझा ओटा होता. तीनदा उठली, तीनदा तिचा हात शेगडीवर गेला. शेगडी पेटलेली नव्हती म्हणून बरं. माळ्याचं तर तिने विचारलंच नाही. मीच विचारलं, तर म्हणाली, "तू झोप वर. मी खालीच बरी. पण रात्री मला काही झालं तर तू त्या शिडीवरून अंधारात उतरशील ना नीट?"

त्या एका प्रश्नाने माळा माझ्या मनातून उतरला.

तरी उन्हाचं तपासलं. शेजारच्या काकांचा टिनाचा शेड आहे आणि त्यालाच लागून गुरांचा जुना, कवेलूचा (कौलांचा) कोठा आहे. चार दिवस दुपारी तीन वाजता दोन्हीकडे एकच थर्मामीटर टांगला. शेडमध्ये माळ्याच्या उंचीवर, टिनापासून दोन हातांवर, पारा ५० च्या रेषेला टेकला आणि पुढे मोजायला आकडेच नव्हते. कोठ्यात त्याच दुपारी ४० च्या खाली होता, बैल आत बांधलेले असताना.

आता प्रश्न असा. लहान घर ही कल्पना मला अजूनही मनापासून पटते. पण आपल्याकडच्या उन्हात, काळ्या मातीत, शेतकऱ्याच्या संसारात ते सुखाचं कसं करायचं? ज्यांनी बांधलंय, जे अशा घरात राहिलेत त्यांनी सांगा. चित्रं माझ्याकडे खूप आहेत, मला राहिलेल्या माणसांचं ऐकायचंय.

वावरातला

ताई, आमी आर्वीकडचे. मले टिनाचंच सांगाच हाय. वावरात १० बाय २० ची टिनाची खोली बांधली, सस्त्यात झाली म्हणून खुश होतो. पहिल्याच वैशाखात वादळ आलं अन् मंधातले चार टिनं उडाले ते पऱ्हाटीच्या ढिगापाशी जाऊन पडले. नशीब त्या वक्ती तिथं कोनी नव्हतं. आता हुक डबल केले हायेत, वरून गोटे ठेवले हायेत. तरी आभाळ आलं का जीव वर-खाली होते.

दिवसा त्या खोलीत मानूस बसू शकत नाई. पन खरं सांगतो, रातच्याले दहाच्या पुढं टिनाची खोली स्लॅबच्या खोलीपेक्षा थंडी रायते. टिन सूर्य बुडला का उतरते. स्लॅब दिवसभराचं ऊन पोटात घेऊन बसते अन् रातभर तुमच्या अंगावर सोडते. म्हणून तर स्लॅबवाले लोकं आंगनात बाजा टाकून झोपतात. म्हणजे टिन वाईट अन् स्लॅब चांगला असं काई नाई. दिवसा कुठं बसता अन् रातच्याले कुठं झोपता ते पाहा, मंग ठरवा.

दुसरं, कापसाचं तुमी काईच लिहलं नाई. चार एकर वावर हाय, कापूस असनच. भाव येईपर्यंत ठेवता कुठं? आमच्या घरात दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत बाजेले जागा नसते. लेकरं कापसाच्या गंजीवरच झोपते अन् मंग अंगाले खाज सुटते, रातभर खाजवत रायते. घर लहान बांधा, पन कापसाची खोली अलग बांधा. तिले टिन चालते. कापसाले ऊन लागत नाई.

काळीमाती

पळसगंध, तुमची फक्कीची युक्ती फार आवडली. मी वर्ध्याकडे लहान बांधकामं घेतो, बरीचशी घरकुलं. पुढच्या वेळी घरमालकाला हेच करायला लावणार.

सगळे भिंती आणि छपराचं बोलतात, मी जमिनीचं बोलतो. लहान घर म्हणजे हलकं, आणि हलकं म्हणजे पाया साधा चालेल, असा समज आहे. काळ्या मातीत नेमकं उलटं होतं. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा तुम्ही रोज पाहताच. जड इमारत आपल्या वजनाने फुगणाऱ्या मातीला काही प्रमाणात दाबून धरते. तुमचं एका खोलीचं हलकं घर तिला दाबू शकत नाही. माती त्याला उचलते, आणि सगळीकडे सारखं उचलत नाही. पाणी मुरतं तो कोपरा आधी वर जातो, मग खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी भेग सुटते. तुमच्या वाड्याची भिंत बसली तिच्यात अशी तिरकी भेग होती का, आठवून पाहा.

करायचं काय? खणून पाहा, मुरूम किती खोल लागतो. चार-सहा फुटांवर लागला तर पाया त्यावरच टेकवा. जोत्याखालची काळी माती काढून मुरूम थरावर थर, पाणी मारून, धुम्मस करून भरा. जोत्यावर आरसीसीचा पट्टा सलग फिरवा, दाराखालीसुद्धा तोडू नका. मुरूम फारच खोल असेल तर बुडाशी कांद्यासारखा फुगवटा असलेले पाईल टाकतात, रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने ते काळ्या मातीसाठीच रुळवले. पण एवढ्याशा घराला शक्यतो ती वेळ येऊ देऊ नका, जागा हलवता येते का ते आधी बघा.

घराभोवती तीन फुटांचा फरशीचा पट्टा बाहेरच्या बाजूला उतार देऊन करा. न्हाणीचं आणि कूलरचं पाणी भिंतीलगत सांडू द्यायचं नाही. हे दोन नियम पाळले तर अर्ध्या भेगा पडतच नाहीत. माझ्या पाहण्यातल्या निम्म्याहून जास्त भेगा कूलर ठेवलेल्या खिडकीखाली सुरू झाल्या आहेत.

आता वाईट बातमी. तुमची कडुनिंबं. झाड मुळांनी पाणी ओढतं, त्या बाजूची काळी माती जास्त आकसते आणि पाया तिकडे खचतो. साधारण झाडाच्या उंचीएवढं अंतर ठेवा म्हणतात. सावलीसाठी घर झाडाखाली नेऊ नका.

पळसगंध

हो, तिरकीच होती! कूलर त्याच खिडकीत होता, दहा वर्षं. आम्ही सगळे म्हणायचो, वाडा म्हातारा झाला.

कडुनिंबाचं वाचून मात्र गलबलून आलं. बाबांनी लावलेली आहेत आणि मला घर त्यांच्या सावलीतच हवं होतं.

काळीमाती

तोडायला सांगत नाही हो. घर झाडांच्या पूर्वेला, त्यांच्या उंचीएवढं अंतर सोडून घ्या. झाडं पश्चिमेला असल्याने दुपारी चारनंतर त्यांची लांब सावली आपोआप घरापर्यंत येईल. तुम्हाला सावली लागते ती त्याच वेळी.

ऊन कुठून येतं ते लक्षात घ्या. मेच्या चौथ्या आठवड्यात आपल्याकडे बारा-साडेबाराला सूर्य थेट डोक्यावर असतो, माणसाची सावली पायाखाली जाते. म्हणजे दिवसाचं सगळ्यात कडक ऊन छपरावर पडतं. दक्षिणेच्या भिंतीला मे महिन्यात ऊन जवळजवळ लागतच नाही, दोन फुटांचा छज्जा पुरे. पश्चिमेचं ऊन तिरकं, थेट भिंतीच्या अंगावर येतं, तिथं छज्जा काही कामाचा नाही. तिकडे सपरी (छपराची पडवी) हवी, झाड हवं, नाहीतर न्हाणी आणि कापसाची खोली त्या बाजूला घालून मधे आडोसा करायचा. आणि घर जितकं लहान तितकं हे महत्त्वाचं, कारण लहान घरात आतली हवा थोडी आणि तापणारं अंग जास्त. वाटीभर पाणी आणि हंडाभर पाणी एकाच चुलीवर ठेवून बघा, कोणतं आधी तापतं. त्यात निवांत बसलेला माणूससुद्धा साधारण १०० वॅट उष्णता सोडत असतो. दोनशे चौरस फुटांच्या खोलीत चार पाहुणे बसले की त्यांचाच उकाडा होतो.

पश्चिमेची भिंत नऊ इंची ठेवा, पण विटा उभ्या लावून मधे पोकळी सोडायच्या पद्धतीने. वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी केरळात ही पद्धत रूढ केली. विटा सुमारे २५ टक्के कमी लागतात आणि मधली हवा उष्णता अडवते. आपल्याकडे कोराडी, खापरखेडा, चंद्रपूरच्या राखेच्या विटा मिळतातच. गवंडी आधी कुरकुर करेल. दोन थर समोर बसून लावून घ्या, मग हात बसतो.

मोकळेआभाळ

थोडं वेगळं मत मांडतो. मी यवतमाळजवळ एका प्रकल्पावर पफ पॅनलच्या (दोन पत्र्यांच्या मधे फोम भरलेल्या) केबिनमध्ये तीन वर्षं राहिलो. ५० मिलिमीटरचं पॅनल, एक टनाचा एसी, २० बाय १० ची जागा. मला काडीचा त्रास झाला नाही. पॅनलमधला फोम उष्णता खरोखर चांगली अडवतो. घर आठ दिवसांत उभं राहतं, पाया जवळपास लागत नाही, गरज संपली तर ट्रकवर घालून नेता येतं. नवीन गोष्टींना आपण घाईने नाकारू नये एवढंच म्हणतो.

वावरातला

भाऊ, एसी हाय म्हणून. आमच्या फीडरवर उन्हाच्या दिवसात लाइन दुपारी जाते ते संध्याकाळी येते. एसी बंद पडला का त्या डब्याले दोनच खिडक्या. अन् वावरात उंदरं हायेत, ते फोम पोखरतात. माह्या मेहुन्याच्या केबिनीत भिंतीच्या आतून कुरतडल्याचा आवाज येते, पन उंदीर काई दिसत नाई.

मोकळेआभाळ

उंदरांचं मान्य आहे, आमच्याकडे काँक्रीटचा कट्टा होता म्हणून त्रास झाला नसेल. आणि प्रकल्पावर जनरेटर होता, तेही खरं. वीज नसताना काय, हा विचार मी केलाच नव्हता. पळसगंधताईंनी मुख्य घर विजेशिवायही राहण्याजोगं करावं, हे पटलं.

तूरकाठी

मी शिक्षिका आहे, दारव्ह्याकडची. आम्ही पाच जणं घरकुलात राहतो. मी, हे, दोन मुली आणि सासूबाई. तुम्ही म्हणता ते टायनी हाऊस आम्हाला वेगळं बघायला नको. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घराचं किमान माप २५ चौरस मीटर आहे, म्हणजे २६९ चौरस फूट, स्वयंपाकाची जागा धरून. त्याआधी इंदिरा आवासमध्ये २० चौरस मीटरच होतं. आणि अमेरिकेतल्या २०१८ च्या नमुना बांधकाम संहितेत ४०० चौरस फुटांपर्यंतच्या घराला टायनी म्हटलंय. म्हणजे त्यांच्या 'टायनी'पेक्षाही आमचं लहान, आणि त्यात माणसं अडीचपट.

सुखाचं आहे का, तर आता आहे. पहिली दोन वर्षं नव्हतं. सकाळी सहा वाजता धाकटी अभ्यासाला बसायची, सासूबाई देवपूजेला, मी फोडणी घालायची. मिरचीचा ठसका उठला की पोरगी पुस्तक घेऊन अंगणात, सासूबाई खोकत दारात, आणि हे अंघोळ करून आले की कपडे बदलायला जागाच नाही, कारण खोली एकच. रोज सकाळी कुणावर तरी आवाज चढायचा. माणसं वाईट नव्हती, सगळ्यांना एकाच घटकेला तीच चार हात जागा हवी असायची.

मग आम्ही समोर १० फूट रुंदीची सपरी काढली, बल्ल्यांवर कवेलू, खाली शेणाचं सारवण. एका टोकाला तुऱ्हाट्यांचा कूड घालून माती लिंपली आणि चूल तिकडे नेली. मागच्या बाजूला न्हाणीला लागून चार बाय चारचा आडोसा केला, नुसता कपडे बदलायला. बस. तेवढ्यात घर मोठं झालं. आता वर्षातले आठ महिने आम्ही सपरीत राहतो आणि घर म्हणजे सामान ठेवायची नि पावसात झोपायची जागा आहे. महालक्ष्म्यांना चाळीस पान उठतं, मांडव घालून.

म्हणून माझं सांगणं, आतले फूट मोजू नका. सावलीतले फूट मोजा.

आणखी एक. खणांच्या पायऱ्या, मिटणारं टेबल हे सगळं छान दिसतं, पण बिजागरी गंजते आणि सुतार तालुक्याला असतो. आपल्या आज्या काय करायच्या? दीड हात जाडीच्या मातीच्या भिंतीत देवळ्या, कोनाडे, फडताळं. जमिनीचा इंचही न अडवता सामान भिंतीत जायचं. अंथरुणं दांडीवर, धान्य ढोलीत, भांडी उतरंडीत. तुमची पश्चिमेची भिंत जाड करणारच आहात तर आतल्या बाजूने कोनाडे सोडून घ्या.

बांबूबन

मेळघाटातून लिहितोय. छपराचा विषय राहिला आहे, म्हणून बोलतो.

कवेलू उत्तमच. कवेलूच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते, म्हणून तुमचा कोठा थंड. पण लोकांनी कवेलू हौसेने सोडले नाहीत. माकडांनी सोडायला लावले. एक टोळी घरावरून गेली की पन्नास कवेलू फुटतात. वर दर मेमध्ये कवेलू फेरायला माणूस मिळत नाही. हे दोन प्रश्न सोडवल्याशिवाय कुणाला कवेलू घाला म्हणणं बरोबर नाही.

आम्ही काय केलं ते सांगतो. वर टिन, त्याच्या खाली वीतभर अंतर सोडून बांबूच्या तट्ट्यांचं छत, तट्ट्यांवर शेणमातीचा दोन बोटं थर. टिन आणि छत यांच्या मधली हवा दोन्ही टोकांनी मोकळी सोडली आहे, फक्त जाळी लावली आहे, साप-उंदीर येऊ नयेत म्हणून. टिन तापतं, मधली हवा तापून वरच्या टोकाने निघून जाते, खाली झळ येत नाही. माकडं नाचली तर आवाज होतो, फुटत काही नाही. हुक मात्र वावरातला म्हणतात तसे दुप्पट लावा.

बांबू ताजा तोडून तसाच वापरू नका, वर्षात भुंगा पीठ पाडतो. हिवाळ्यात, रस कमी असताना तोडलेला पक्का बांबू घ्या आणि बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवून सावलीत वाळवा. बुडाला उधई लागू नये म्हणून खांब जमिनीत पुरायचा नाही, दगडावर उभा करायचा. प्रत्यक्ष पाहायचं असेल तर लवाद्याला संपूर्ण बांबू केंद्र आहे, सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी उभं केलेलं. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला सरकारी बांबू प्रशिक्षण केंद्र आहे, तुम्हाला जवळचं तेच पडेल.

काळीमाती

बांबूबन यांचं दुहेरी छत मीही सुचवतो. स्लॅबच घालायची असेल तर वर पांढरा चुना मारा, चुन्यात फेव्हिकॉल घालून, दर मार्चमध्ये. खर्च नगण्य, फरक हाताला कळतो.

आणि ताई, तुम्हाला लांब कशाला जायला हवं? सेवाग्राम तुमच्यापासून तासाभरावर. एखाद्या मे महिन्याच्या दुपारी दोन वाजता बापूकुटीत जाऊन बसा. ती आधी गांधीजींच्या शिष्या मीराबेननी स्वतःसाठी बांधली होती, नंतर गांधीजी तिथं राहायला आले आणि ती वाढवली. मातीच्या भिंती, बांबू, कवेलू, आणि ओसरीवरून खाली उतरलेलं छप्पर. भिंतीला ऊन लागूच दिलेलं नाही. मी साइटवर जाणाऱ्या पोरांना आधी तिथं नेऊन बसवतो. दत्तपूरला ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रातही मातीच्या घरांचे आणि गुना टाइलच्या (एकात एक बसणाऱ्या मातीच्या निमुळत्या नळ्यांच्या) कमानी छपरांचे प्रयोग झालेत, तेही पाहून या.

पळसगंध

मंडळी, दहा दिवसांनी लिहितेय, पण रिकामी बसले नव्हते.

सेवाग्रामला आईला घेऊन गेले. दुपारी दोनलाच गेलो. बाहेर डांबर मऊ झालं होतं. कुटीच्या ओसरीत पाय ठेवला आणि आईने डोक्यावरचा पदर सोडला. पाच मिनिटांनी म्हणाली, "आपल्या आजोळच्या घरात असंच वाटायचं गं." बाहेर येताना तिने भिंतीला तळहात लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मीही लावला. भिंत उन्हाळ्यातल्या माठासारखी होती.

येताना एक गोष्ट सुचली, ती सांगते. तो साडेआठ फुटांचा आकडा कुठून आला, हे मी नंतर शोधलं. अमेरिकेत ही घरं चाकांच्या ट्रेलरवर बांधतात आणि तिथल्या रस्त्यांवर विनापरवाना साडेआठ फुटांहून रुंद काही नेता येत नाही. उंचीलाही साधारण साडेतेरा फुटांची मर्यादा. रुंदी अडली म्हणून बिछाना वर गेला, माळा झाला. तिथल्या थंडीत ऊब वर चढते, त्यामुळे माळा त्यांना सुखाचाही वाटत असेल. माझं घर कुठल्या रस्त्यावरून जाणार आहे? ते चार एकरांत बाबांच्या कडुनिंबाशेजारी उभं राहणार आहे. त्यांच्या रस्त्याचा कायदा मी माझ्या आईच्या गुडघ्यांवर लादत होते.

नवा नकाशा असा. आतली खोली १६ बाय १२, भिंतीची उंची दहा फूट, माळा नाही. दोन बाजा काटकोनात, आईच्या बाजेशेजारी तीन फूट मोकळं आणि तिथं भिंतीत पक्का लाकडी दांडा, उठताना धरायला. ओटा आत लहानसा, फक्त चहापुरता आणि पावसाळ्यापुरता. खरा स्वयंपाक बाहेर. उत्तरेला आणि पूर्वेला इंग्रजी एल अक्षरासारखी दहा फुटांची सपरी. पश्चिमेला कापसाची खोली आणि न्हाणी, म्हणजे त्या भिंतीचं ऊन कापूस झेलेल. वावरातलादादा, हे तुमच्यामुळे. छप्पर बांबूबन यांच्या पद्धतीचं. कूलर सपरीतल्या खिडकीत, त्याच्या समोरच्या भिंतीत वरच्या बाजूला झरोका, कारण हवा बाहेर पडायला वाट नसेल तर कूलर नुसती ओल करतो. आणि कूलरखाली फरशी नि पाइप, भिंतीलगत थेंब नाही. संडासाचं कुणी सांगाल का? दोन खड्ड्यांचा करायचाय, पण काळ्या मातीत पाणी मुरत नाही असं ऐकलंय.

काळीमाती

मुरतं, पण सावकाश. खड्डे मुरमापर्यंत न्या, विहिरीपासून जेवढे लांब नेता येतील तेवढे न्या आणि उताराच्या खालच्या अंगाला घ्या. दोघीच असल्याने एक खड्डा बरीच वर्षं पुरेल, तो भरला की दुसरा सुरू करायचा आणि पहिला बंद ठेवून खत होऊ द्यायचं. न्हाणीचं पाणी त्यात सोडू नका, ते केळींना द्या.

तूरकाठी

ताई, नकाशा वाचून आनंद झाला. सपरीची जमीन आतल्या जमिनीपेक्षा एक पायरी खाली ठेवाल ना? तर त्या पायरीची उंची सहा इंचांहून जास्त नको. आईंच्या गुडघ्यांना तीच पायरी दिवसातून पन्नासदा लागणार आहे.

वावरातला

ताई, कापसाच्या खोलीचं दार बाहेरून ठेवा, मोठं. बैलबंडी मागून लावता आली पाह्यजे. नाईतर गाठोडे घरातून वाहाव लागते.

पळसगंध

दोन्ही सूचना घेतल्या. पायरी काढूनच टाकली, सपरीतून आत साधा उतार करतेय. पाणी आत येऊ नये म्हणून उंबऱ्याऐवजी बाहेर अर्ध्या बोटाची खाच.

काल संध्याकाळी पुन्हा फक्की टाकली. या वेळी आईने बसून नाही सांगितलं, फक्कीचा डबा माझ्या हातातून घेतला. मी दार पूर्वेला ठेवलं होतं. तिने ती रेष पायाने पुसली आणि दार उत्तरेच्या अंगाला, विहिरीच्या बाजूला काढलं. मी विचारलं काहून, तर म्हणाली, बाजेवरून उठल्याबरोबर विहिरीवर कोण आलं ते दिसलं पाहिजे. मग सपरीच्या कोपऱ्यात वाकून एक लहान चौकोन काढला. ती तिच्या तुळशीची जागा आहे. वाड्यातून तुळस कधी न्यायची, हे आता तिला पाया खोदण्याच्या आधी ठरवायचंय.